पित्याच्या कबरीकडे परतलेला मुसाफिर : हजरत बंदानवाज गेसूदराज (रह.)



पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसाला वर्षानुवर्षांनी आपल्या गावाची वेस दिसली की त्याच्या मनात काय दाटून येते, हे तुम्हाला निराळे सांगायला नको. जालन्याच्या एमआयडीसीत राहणाऱ्या वाचकांना तर मुळीच नको. तेथील लोखंडाच्या भट्ट्यांवर, सळया ओढणाऱ्या रोलिंग मिलमध्ये आणि बियाण्यांच्या गोदामांत राबणारे हात कोणी बिहारमधून आले आहेत, कोणी उत्तर प्रदेशातून, तर कोणी मंठा, परतूर, घनसावंगी, भोकरदनच्या खेड्यांतून. ईदला ही माणसे गावी जातात. घर तेच असते. ओट्यावर बसणारे आजोबा नसतात. मशीद तीच असते. पहिल्या सफेत उभे राहणारे वडील नसतात. नमाजानंतर पावले आपोआप कब्रस्तानाकडे वळतात, डोळे भरून येतात, आणि चार दिवसांनी पुन्हा भट्टीसमोर उभे राहावे लागते. त्या भरून आलेल्या डोळ्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र मनात तसाच राहतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका थोर पुरुषाचे चरित्र आपल्याला फार मोठी मदत करते. जालन्याहून निघून बदनापूर आणि छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) ओलांडले, दौलताबादच्या किल्ल्याजवळून घाट चढला, की सुमारे 90 किलोमीटरवर खुलताबाद लागते. तेथे एक कबर आहे सय्यद यूसुफ अल-हुसैनी (रह.) यांची. लोक त्यांना राजू कत्ताल या नावाने ओळखतात. त्यांचे पुत्र म्हणजेच हजरत सय्यद मुहम्मद अल-हुसैनी (रह.). सारा दख्खन त्यांना ख्वाजा बंदानवाज गेसूदराज म्हणतो. या पुत्राने बालपणी मराठवाड्याच्या मातीत आपला पिता ठेवला आणि तो निघून गेला. तो परतला तेव्हा त्याचे वय ऐंशीच्या घरात होते.

सात वर्षांचा प्रवासी

हजरत गेसूदराज (रह.) यांचा जन्म 1321 साली, म्हणजे हिजरी 721 मध्ये, दिल्लीत झाला. पिता सय्यद यूसुफ हे हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांचे मुरीद होते. घरात इल्म होते, इबादत होती आणि सत्पुरुषांचा सहवास होता. बालक चार वर्षांचे असताना, 1325 साली, हजरत निजामुद्दीन (रह.) यांनी या जगाचा निरोप घेतला.

त्यानंतर दोनच वर्षांनी सुलतान मुहम्मद बिन तुघलक याने देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, राजधानीचा मान दिला. दिल्लीतील सरदार, उलमा, काजी आणि सूफी यांना कुटुंबकबिल्यासह दख्खनकडे जाण्याचे फर्मान सुटले. वाट चाळीस दिवसांची समजली जाई. सुलतानाने रस्त्याच्या दुतर्फा झाडे लावली होती, टप्प्याटप्प्यावर मुक्कामाची सोय केली होती. पण ज्याचे घर सुटले त्याला सावलीचे किती समाधान वाटणार? अनेक कुटुंबे मनाविरुद्ध निघाली. सय्यद यूसुफही पत्नी आणि दोन मुलांसह निघाले आणि 1328 मध्ये दौलताबादला पोहोचले. धाकटा मुहम्मद त्या वेळी सात वर्षांचा होता.

वाचकहो, लहान मूल नव्या गावात लवकर रुजते. दौलताबादच्या परिसरात तेव्हा दिल्लीहून आलेल्या सत्पुरुषांचा मोठा मेळा जमला होता. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (रह.) तेथे होते. अमीर हसन सिजझी (रह.) तेथे होते, आपल्या मुर्शिदांची, हजरत निजामुद्दीन (रह.) यांची, संभाषणे लिहून ठेवणारे तेच. वडिलांच्या तोंडून मुहम्मदला दिल्लीच्या गोष्टी ऐकायला मिळत. हजरत निजामुद्दीन (रह.) यांचे उत्तराधिकारी शेख नसीरुद्दीन महमूद दिल्लीतच मागे राहिले होते. लोक त्यांना चिराग-ए-दिल्ली, दिल्लीचा दीप, म्हणत. त्यांचे नाव या मुलाच्या मनात याच काळात कोरले गेले.

मग 1331 साल उजाडले. सय्यद यूसुफ यांचे निधन झाले. ज्या डोंगरमाथ्यावर आज खुलताबाद वसलेले आहे, तेथे त्यांना दफन करण्यात आले. मुहम्मद दहा वर्षांचा होता. ज्या मुलखात येऊन तीनच वर्षे झाली होती, त्या मुलखाशी त्याचे नाते आता एका कबरीने जोडले गेले.

मातेचा निर्धार

विधवा मातेला आधार होता तो भावाचा. मामा सय्यद इब्राहीम दौलताबादला मोठ्या अधिकारपदावर होते. आजच्या दृष्टीने पाहिले तर मुलांचे भवितव्य सुरक्षित होते. परंतु काही कारणाने भावाविषयी या मातेच्या मनात नाराजी निर्माण झाली, आणि 1335 च्या सुमारास तिने दोन्ही मुलांना घेऊन दिल्लीची वाट धरली. जी वाट पतीच्या सोबतीने उतरली होती, ती आता तिला पतीची कबर मागे ठेवून चढायची होती.

येथे क्षणभर थांबा आणि या मातेचा विचार करा. इतिहासाने सुलतानांच्या फर्मानांची नोंद सविस्तर ठेवली. या स्त्रीने त्या प्रवासात काय सोसले, याची ठेवली नाही. पण तिने मुलांना सत्तेच्या सावलीतून उचलले आणि ज्ञानाच्या दारात नेऊन उभे केले. आपल्या घराघरांत अशा माता आहेत. पती गेल्यानंतर शिलाईयंत्रावर बसून मुलांना शिकवणाऱ्या आणि त्यांना वेळेवर मदरशात व शाळेत धाडणाऱ्या माता तुम्ही पाहिल्या आहेत. मुले मोठी होतात, त्यांचे नाव होते. त्या नावामागची माता पुष्कळदा विस्मृतीत जाते. तिचा मोबदला मात्र अल्लाहपाशी सुरक्षित असतो.

दिल्लीतील साठ वर्षे

पंधरा वर्षांचा मुहम्मद जन्मगावी परतला. एका जुम्याला त्याने मशिदीत शेख नसीरुद्दीन (रह.) यांना पाहिले. दौलताबादला वडिलांच्या तोंडून ऐकलेले नाव आता डोळ्यांसमोर उभे होते. 1336 मध्ये दोघे भाऊ त्यांच्या हाती मुरीद झाले. पित्याने मुलासाठी जहागीर ठेवली नव्हती. एका सत्पुरुषाची ओळख मात्र आपल्या बोलण्यातून ठेवली होती, आणि ती पित्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी फळाला आली. आपण घरात मुलांसमोर कोणाच्या गोष्टी सांगतो, कोणाची स्तुती करतो, हे किती महत्त्वाचे आहे ते यावरून ध्यानात घ्यावे.

तरुण मुहम्मदला उपासनेची इतकी ओढ लागली की शिक्षण सोडून केवळ एकांतात बसावे असे त्याला वाटू लागले. गुरूंनी तसे करू दिले नाही. आधी इल्म पुरे करा, असा त्यांचा आग्रह होता. मग सय्यद शरफुद्दीन कैथली, मौलाना ताजुद्दीन बहादूर आणि काजी अब्दुल मुक्तदिर यांच्याकडे त्यांनी शास्त्रांचे अध्ययन केले. चिराग-ए-दिल्ली (रह.) शरीअतच्या बाबतीत काटेकोर होते. शिष्यानेही तोच मार्ग आयुष्यभर सांभाळला. 1356 साली गुरूंचे निधन झाले आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षे गेसूदराज (रह.) यांनी दिल्लीत अध्यापनाचे आणि मार्गदर्शनाचे कार्य केले. आईच्या इच्छेला मान देऊन चाळिशीत विवाह केला, मुलेबाळे झाली. गेसूदराज म्हणजे लांब केसांचा. हे नाव दिल्लीतच त्यांना चिकटले.

वय वाढत होते. अशा वयात माणसाला वाटते की आता येथेच डोळे मिटावेत, गुरूंच्या पायथ्याशी माती मिळावी. पण अल्लाहची योजना वेगळी होती.

ऐंशीच्या उंबरठ्यावर हिजरत

डिसेंबर 1398. तैमूरचे सैन्य दिल्लीला भिडले होते. पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. शहर लुटले गेले, असंख्य माणसे मारली गेली, कारागीर समरकंदला नेले गेले. त्याच डिसेंबरात गेसूदराज (रह.) कुटुंब आणि शिष्यांसह दिल्लीच्या वेशीबाहेर पडले. ज्या सुलतानाच्या फर्मानाने ते सात वर्षांचे असताना दिल्ली सुटली होती, तो सुलतान केव्हाच गेला होता. आता एका आक्रमकामुळे ती पुन्हा सुटली, आणि या वेळी कायमची.

ग्वाल्हेर, चंदेरी, मग गुजरातेत बडोदा आणि खंबायत असा प्रवास झाला. ठिकठिकाणी लोक थांबवून घेत, ते शिकवत, पुढे निघत. थोरले पुत्र सय्यद अकबर हुसैनी यांनी 1400 च्या सुमारास पित्याची संभाषणे टिपून ठेवली आणि त्यातूनच ‘जवामिउल कलिम’ हा ग्रंथ सिद्ध झाला. निर्वासिताचे बिऱ्हाड पाठीवर असतानाही ज्ञानाचा वर्ग बंद पडला नाही, याची ही साक्ष आहे. त्यानंतर हा वृद्ध मुसाफिर दख्खनच्या दिशेने वळला. पित्याच्या कबरीची जियारत करायची होती.

कबरीपाशी

वाचकहो, सुमारे 65 वर्षांनंतर दौलताबादचा डोंगर पुन्हा दृष्टीस पडला, तेव्हा त्या डोळ्यांना काय काय दिसले असेल? किल्ला तोच होता. त्याच्यावरची सत्ता बदलली होती. तुघलकांची हुकमत दख्खनमधून 1347 मध्येच उठली होती. याच दौलताबादला अलाउद्दीन हसन बहमनशाहचा राज्याभिषेक झाला आणि राजधानी गुलबर्ग्याला गेली होती. ज्या मामांच्या अधिकाराचा एके काळी दबदबा होता, त्यांचा अधिकार ज्या राज्यातून आला होता ते राज्यच तेथे नव्हते. ज्या हजरत बुऱ्हानुद्दीन (रह.) यांना या मुलाने हयात सोडले होते, ते 1337 मध्ये गेले होते आणि त्याच डोंगरमाथ्यावर त्यांची कबर होती. अमीर हसन सिजझी (रह.) यांचीही कबर तेथेच होती. मुलाने जी वस्ती सोडली होती, तिच्यातली ओळखीची माणसे आता मातीखाली भेटत होती.

आणि त्यांत पित्याची कबर. मुलगा आता पित्याहून कितीतरी वृद्ध झाला होता.

मृतांच्या भेटीला जाण्याची इस्लामने अनुमती दिली आहे, ती माणसाला आखिरतची आठवण व्हावी म्हणून. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या मातेच्या, हजरत आमिना यांच्या, कबरीपाशी गेले तेव्हा रडले, आणि त्यांना पाहून सोबतचे लोकही रडले. सहा वर्षांचे असताना ज्या ठिकाणी मातृछत्र हरपले होते, ते अबवाचे ठिकाण त्यांना पुढे प्रौढ वयातही हेलावून गेले. तेव्हा कबरीपाशी डोळे ओलावणे हा दुबळेपणा नव्हे. ती अल्लाहने अंतःकरणात ठेवलेली दया आहे. मात्र तेथे कबरस्थांना सलाम करावा, त्यांच्यासाठी क्षमायाचना करावी, आपल्या मृत्यूचा विचार करावा. मागायचे ते केवळ अल्लाहकडे. ज्याच्या कबरीपाशी आपण उभे असतो, त्यालाच आपल्या दुआची गरज असते.

ते तेथेच का राहिले नाहीत?

या चरित्रातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग आता येतो. गेसूदराज (रह.) यांनी दौलताबादलाच मुक्काम केला असता, तर कोणी नावे ठेवली नसती. वय झाले होते, पित्याची कबर होती, बालपणीचा परिसर होता, गुरुपरंपरेतील सत्पुरुषांची समाधिस्थाने होती. पण त्यांच्या हाती अजून काम होते. सुलतान फिरोजशाह बहमनीने दौलताबादच्या सुभेदारामार्फत त्यांचा सन्मान केला आणि गुलबर्ग्याला येण्याचे निमंत्रण दिले. ते निघाले.

त्यानंतर अल्लाहने त्यांना वीसहून अधिक वर्षे दिली. ज्या वयात माणसे केवळ आठवणींवर जगतात, त्या वयात त्यांनी एका अनोळखी शहरात नव्याने आरंभ केला. कुरआनच्या तफसीरचे आणि हदीसचे पाठ दिले, सूफी परंपरेच्या प्रमाणग्रंथांवर भाष्ये लिहिली. हे दिवसही सुखाचेच होते असे नाही. ज्यांनी पित्याचे शब्द टिपले त्या सय्यद अकबर हुसैनी यांना 1409 च्या सुमारास पित्यानेच मातीत ठेवले. पुढे सुलतानाशी मतभेद झाले आणि किल्ल्याजवळची खानकाह सोडून त्यांना दूर बिऱ्हाड हलवावे लागले. नव्वदीनंतरही घर बदलणे त्यांच्या वाट्याला आले. कार्य मात्र थांबले नाही. 1 नोव्हेंबर 1422 रोजी, हिजरी 825 मध्ये, गुलबर्ग्यातच त्यांचे निधन झाले. हिजरी गणनेनुसार वय 104 वर्षांचे होते. दिल्लीत जन्मलेल्या, दौलताबादला पोरक्या झालेल्या या पुरुषाला आज जग गुलबर्ग्याचे म्हणून ओळखते.

यात प्रेषितांच्या (स.) जीवनाचेच प्रतिबिंब आहे. मक्का त्यांना किती प्रिय होती, हे हिजरतच्या वेळी दिसून आले. आठ वर्षांनी, 630 साली, तीच मक्का त्यांच्यासमोर खुली झाली. बालपणाच्या गल्ल्या होत्या, काबागृह होते, आप्तेष्ट होते. आता प्रेषित येथेच राहतील की काय, अशी शंका मदीनेच्या अन्सारांच्या मनात आली. प्रेषितांनी (स.) त्यांना आश्वस्त केले की त्यांचे जगणे आणि मरणे अन्सारांसोबतच असेल. ते मदीनेला परतले आणि तेथेच दफन झाले. जन्मभूमीवरचे प्रेम खरे होते. ज्यांनी आश्रय दिला त्यांचा हक्कही खरा होता. प्रेषितांनी (स.) दोन्ही सांभाळले.

आपल्यासाठी

तेव्हा भरून आलेल्या डोळ्यांचे काय करायचे? जुनी जागा आपल्याला आपली राहिलेली देणी दाखवते. ती फेडायला लागणे हेच त्या अश्रूंचे सार्थक आहे.

पहिले देणे आई-वडिलांचे. ते गेल्यावरही त्यांचा हक्क संपत नाही. त्यांच्यासाठी मगफिरतची दुआ करावी, त्यांनी दिलेला शब्द आणि केलेले कर्ज पुरे करावे, त्यांच्या नात्यागोत्याशी संबंध जोडून ठेवावेत, त्यांच्या मित्रांचा आदर राखावा, अशी शिकवण आपल्याला मिळालेली आहे. सत्प्रवृत्त अपत्याची दुआ, उपयुक्त ज्ञान आणि अखंड चालणारे दान यांचा लाभ मृत्यूनंतरही पोहोचत राहतो. वर्षाकाठी एकदा कबरीपाशी रडून गाडी पकडणाऱ्याने स्वतःला विचारावे की उरलेल्या दिवसांतील पाच नमाजांत वडिलांचे नाव किती वेळा ओठांवर आले. त्या दुआसाठी गावचे तिकीट लागत नाही. रात्रपाळी संपवून एमआयडीसीतल्या खोलीवर फज्र अदा करतानाही ती करता येते.

दुसरे देणे जिवंत नातलगांचे. बहीण-भावांत, काका-पुतण्यांत शेताच्या बांधावरून, वाटणीवरून, लग्नातील मानपानावरून अबोला पडतो. माणूस शहरात जातो आणि त्या अबोल्यावर वर्षे साचतात. आप्तसंबंध तोडणाऱ्याबद्दल आपल्या धर्माने फार कडक इशारा दिला आहे. 65 वर्षांनी परतणाऱ्याला बालपणीची माणसे कबरींतच भेटतात. तुमच्यापुढे अजून उघडी दारे आहेत. यंदा गावी जाल तेव्हा कब्रस्तानातून घरी येताना त्या एका दारावर थाप द्या. सलामची सुरुवात करणारा श्रेष्ठ असतो.

तिसरे देणे आज जेथे आपण राहतो त्या जागेचे. परगावातला माणूस पुष्कळदा तेथे पाहुण्यासारखा राहतो. मन गावात, शरीर कारखान्यात. मोहल्ल्याची मशीद, मुलांची शाळा, शेजारच्या खोलीतला आजारी कामगार, मग तो कोणत्याही प्रांताचा वा धर्माचा असो, या सर्वांचा आपल्यावर हक्क आहे. गेसूदराज (रह.) यांनी गुलबर्ग्याला परके मानले असते, तर गुलबर्ग्याला ते लाभलेच नसते. जालन्याने ज्याला भाकरी दिली, त्याने जालन्याला आपले सद्वर्तन द्यावे. आपल्या मुलांच्या आठवणींतले गाव हेच असणार आहे. उद्या ती मोठी होऊन येथे परततील, तेव्हा त्यांना आपल्याविषयी काय आठवावे, ते आज आपल्या वागण्यातून ठरत आहे.

अल्लाह आपल्या मरहूम माता-पित्यांना क्षमा करो, त्यांच्या कबरी प्रकाशाने भरो, तुटलेली नाती जोडण्याची सद्बुद्धी आपल्याला देवो आणि जेथे आपली रोजी लिहिली आहे तेथे आपल्याला उपकारक ठरवो. आमीन.